मागे घेऊन दहा वेळा

पेडल खाली जायला लागलं ते बटाट्याच्या हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिल्यांदा लक्षात आलं ते सुनेच्या, आणि तेही गाडीवरून नव्हे, नवऱ्याच्या उजव्या पोटरीवरून. संध्याकाळी ओट्यावर बसला की तो पोटऱ्या दाबून घ्यायचा, आणि गेले दोन दिवस उजवीच पुढं करत होता.

“काय झालंय पायाला?”

“पायाला काय व्हायचंय. पेडल लांब गेलंय. पहिल्यांदा मारलं की पोकळ लागतं. दुसऱ्यांदा मारलं की येतं वर.”

ती दाबता दाबता थांबली. मांडीवर ठमी झोपली होती, दोन वर्षांची, तोंडात अंगठा. पोकळ हा शब्द सुनेला आवडला नाही.

घर रस्त्याला लागून होतं. पुढं पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये तिच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या होत्या. बाहेर त्यांना सगळे मिस्तरी म्हणायचे, घरात आप्पा. हल्ली लोकांच्या गाड्या नव्या झाल्या, त्या फाट्यावरच्या गॅरेजात जायच्या. ते गॅरेजही आप्पांच्याच हाताखाली शिकलेल्या माणसानं काढलेलं. शेडमध्ये आता मुख्यतः घरचाच ट्रक असे. तो नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, म्हणून आप्पा त्याला ‘थोरली’ म्हणत. “थोरली कधी उलट बोलत नाही,” असं ते मुलाकडं बघून म्हणायचे.

आप्पा आत दिवाणावर पडले होते. पेडलचं ऐकून उठून बसले. त्यांना कुणी विचारलं की चेहऱ्यावर उजेड यायचा, हल्ली तर जरा जास्तच.

“तेल बघितलंस?”

“काठोकाठ आहे. गळतीही नाही कुठं.”

“दोनदा मारलं की वर येतं म्हणजे लायनर आणि ड्रममधली फट वाढली. तेलात हवा असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं. आता मला सांग, शेतात गाडी मागं घेतोस?”

“कशाला घेईन? एका बांधानं आत जातो, दुसऱ्यानं बाहेर. कोल्ड स्टोरेजलाही तसंच, एक फाटक यायचं, एक जायचं.”

“मग झालं.” आप्पांनी मांडीवर थाप मारली. “थोरली शहाणी आहे. लायनर झिजले की आपलं आपण आवळून घेते. पण कधी? मागं घेताना ब्रेक दाबला तर. पुढं जाताना दाबलेला ती हिशोबात धरत नाही. दहा वेळा मागं घे, दहा वेळा कचकचून दाब. एकेक दात पुढं सरकतो आत. सकाळी पेडल वर नाही आलं तर मिस्तरी नाव लावणार नाही.”

हंगामाच्या आधी मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकचे लायनर आप्पांनीच बदलले होते. तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट होतं. त्यामुळं बोलण्यासारखं काही नव्हतंच. नवरा उठला, अंगणात गाडी पुढं घेतली, मागं घेतली, दाबली. पुढं, मागं, दाब. दहा वेळा. गाडी प्रत्येक वेळी शेपटीवर बसल्यासारखी हिसका खायची. सून ठमीला कडेवर घेऊन विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहून मोजत होती. मोजायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

*

तिसऱ्या दिवशी गाडी लवकर परतली, आणि पैलवान आधी उतरून आला. पैलवान म्हणजे गाडीवरचा हमाल. छातीच्या फासळ्या बाहेरून मोजता याव्यात असा हाडकुळा, पण पोतं पाठीवर घेतलं की पळत सुटायचा.

“वहिनी, पाणी द्या आधी. आज काट्याच्या खांबाला मुका द्यायची वेळ आली होती.”

“कुणावर?”

“आमच्या तिघांवर. मी, हे आणि थोरली.”

कोल्ड स्टोरेजचा रस्ता मोठ्या रस्त्यावरून एकदम खाली उतरायचा. उताराच्या तळाला वजनकाटा, काट्याच्या पलीकडं भिंत, आणि भिंतीच्या सावलीला ओळीनं बसलेल्या बटाटे निवडणाऱ्या बायका. सून एकदा नवऱ्याबरोबर गेली होती तेव्हा त्या बायका तिला बघून हसल्या होत्या. एकीनं ठमीच्या हातात सुपारीएवढा बटाटा दिला होता.

“काटेवाला काय म्हणाला माहितेय?” पैलवान ओंजळीनं तोंड धुत म्हणाला. “म्हणतो, मिस्तरीच्या घरची गाडी आणि ब्रेक नाही. म्हणजे सुताराच्या घरी बसायला पाट नाही.”

आत दिवाण करकरला. आप्पा बाहेर आले. सदरा उलटा घातला होता, शिवण बाहेर. सुनेनं ते बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

“कोण म्हणालं?”

“काटेवाला, मिस्तरी. चेष्टेनं.”

“चेष्टेनंच म्हणतात सगळं.” आप्पा मुलाकडं वळले. “तू दहा वेळा मारतोस का रिव्हर्स? खरं सांग.”

“मारतो आप्पा.”

“पाच मारत असशील आणि दहा सांगत असशील. तुझी सवय मला माहितेय. शाळेत पाढ्यांचंही तसंच करायचास.” ते ओट्यावर बसले. “आता माझ्या डोळ्यांदेखत वीस मार.”

नवरा दिवसभर पोती उचलून आला होता. मानेवर मातीची आणि घामाची लापशी वाळली होती. पैलवानासमोर, रस्त्यावरून जाणाऱ्या दोन सायकलवाल्यांसमोर त्यानं वीस वेळा गाडी मागं घेतली आणि वीस वेळा दाबली. आप्पा मोठ्यानं आकडे म्हणत होते. बारानंतर पुन्हा अकरा आला. मग बारा, तेरा. नवऱ्यानं दोन जास्तीच्या मारल्या. पैलवान पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

*

दुसऱ्या दिवशी ठमीला ताप होता. रात्रभर जागरण, सकाळी औषध आणायची धावपळ. त्यात नवरा अंगणातले दहा हिसके न मारताच गेला. संध्याकाळी तिनं विचारलं, “पेडल?”

“कालच्याएवढंच. बरं तरी खाली नाही गेलं आज.”

ती औषधाची बाटली हलवत होती. हलवायची राहिली.

ती पदवीपर्यंत शिकली होती, विषय भूगोल. या घरात त्याचा उपयोग एवढाच, की कुठं बाहेरगावी जायचं झालं की नवरा म्हणायचा, बाईसाहेब, दिशा दाखवा. पण एक सवय तिला त्या शिक्षणानं लावली होती की मुळातच होती कोण जाणे: काही खटकलं की ते बोटानं चाचपत बसायचं. ठमी जन्मल्यापासून तर ती सगळंच मोजायची. दुधाचे घोट, श्वास, तापातले तास.

सकाळी नवरा आंघोळीला गेला तेव्हा ती शिवणाची टेप घेऊन गाडीत चढली. ठमीला शेजारच्या सीटवर बसवलं. पेडल एकदाच, पाय रेटून दाबलं, आणि वाकून पेडलपासून खालच्या पत्र्यापर्यंत टेप लावली. तीन बोटं. म्हणजे दोन इंच आणि वर थोडं. मग नवरा आला, त्यानं आप्पांच्या देखत दहा वेळा गाडी मागं घेतली. तो डबा आणायला आत गेला, तशी ती पुन्हा चढली. दाबलं. टेप लावली.

दीड इंच.

तिला वाटलं पाय जास्त जोरात पडला. पुन्हा मापलं. दीडच.

दुपारभर ती ठमीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत विचार करत होती. औषध घेतलं की ताप वाढतो, न घेतलं तर तेवढाच राहतो, असं कुणी सांगितलं तर आपण काय म्हणू? म्हणू, औषधच चुकलंय. पण हे औषध आप्पांचं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. मागं घेऊन दाबलं की एकेक दात फिरतो, हे तिलाही पटलं होतं. दात फिरत होताच. उलटा फिरत होता.

आणि मग तिला तो दिवस आठवला. खरं तर आठवायला तो कुठं गेलाच नव्हता.

लग्न होऊन आल्यावर पहिल्या महिन्यातच आप्पांनी तिला शेडमध्ये बोलावून एक गोष्ट दाखवली होती. “शिकलेली आहेस म्हणून सांगतो. ब्रेकचं काम करताना एका वेळी एकच चाक उघडायचं. डाव्याचं सामान डाव्याला, उजव्याचं उजव्याला. आत हा जो लहानसा अ‍ॅडजस्टर आहे ना, दात असलेला, तो एका बाजूला सुलट्या आट्याचा असतो, दुसऱ्या बाजूला उलट्या. बघायला जुळी भावंडं. अदलाबदल झाली की घट्ट करायच्या ऐवजी सैल करत बसतो. म्हणून एक उघडं, एक झाकलं. अडलं तर झाकलेल्याचा नुसता ड्रम काढून बघायचं, आतलं काही सोडायचं नाही. ते दुसरं चाक म्हणजे माझं पुस्तक.” सगळ्या रस्त्यावर आप्पांची यावरून थट्टा व्हायची. दोन चाकांना दोन दिवस लावणारा मिस्तरी.

हंगामाच्या आधी ती त्यांच्यासाठी चहा घेऊन शेडमध्ये गेली तेव्हा दोन्ही ड्रम जमिनीवर होते. स्प्रिंगा, केबली, दोन्ही अ‍ॅडजस्टर एकाच गोणपाटावर. आप्पा मध्ये मांडी घालून बसले होते, हातात एक स्प्रिंग, आणि तिच्याकडं असे बघत होते, जसं आपण ओळखीच्या माणसाकडं नाव आठवेना म्हणून बघतो. तिनं चहा ठेवला. ते म्हणाले, “ठेव.” ती परत आली.

बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? आप्पा, तुमचं पुस्तक उघडं पडलंय?

*

संध्याकाळी तिनं नवऱ्याला विहिरीपाशी गाठून सगळं सांगितलं. टेपचं, दीड इंचाचं, दोन ड्रमचं. तो बादली अर्धी ओढून थांबला.

“भूगोल शिकलीस ना तू? मग नद्या सांग. ब्रेक नको सांगूस.”

“अहो, मापून बघा तुम्ही.”

“आप्पांनी आयुष्यात कधी दोन चाकं एकदम उघडली नाहीत.”

“मी बघितली.”

त्यानं बादली वर घेतली, पाणी ओतलं, पुन्हा सोडली. दोर हातातून सरसर जात राहिला. तिला माहीत होतं, तोही काय काय बघत होता. गेल्या महिन्यात आप्पांनी त्याला विचारलं होतं, तुझी आई अजून शेतातून आली नाही का. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. तो म्हणाला होता, येईल, तुम्ही जेवा.

“कुणाजवळ बोलू नकोस हे,” तो म्हणाला.

“नाही बोलत. पण उद्या गाडी काढू नका. आधी उघडून बघा.”

“उद्या नाही जमायचं. ढग आलेत, शेतात काढून ठेवलेला माल भिजला तर सडेल. पुढच्या चाकांचे ब्रेक लागतात अजून. सावकाश नेतो. एक दिवस.”

“उतार आहे तो.”

“मला माहितेय उतार आहे.”

सकाळी तो गेला. अंगणात गाडी मागं घेतली नाही. आप्पा ओट्यावरून म्हणाले, “दहा?” तो म्हणाला, “झाले आप्पा, तुम्ही झोपला होतात तेव्हा.”

तो दिवस तिनं कसा काढला, ते तिलाच सांगता आलं नसतं. ताप उतरलेली ठमी खेळायला मागत होती आणि ती तिच्यासमोर डबे रचत होती, पाडत होती. रस्त्यावर मोठ्या गाडीचा आवाज आला की हात थांबत. आप्पा दोनदा म्हणाले, “एवढी काय दाराकडं बघतेस?”

दुपार कलताना गाडी आली. पुढचा बंपर एका बाजूनं आत गेला होता आणि त्यात गोणपाटाच्या चिंध्या अडकल्या होत्या. पैलवान उतरताना एका पायावर उतरला.

नवराच बोलला, गाडीला टेकून, समोर शेडच्या खांबाकडं बघत. “पेडल पत्र्याला टेकलं. दुसऱ्यांदा मारायला वेळच नव्हता. बायका बसल्या होत्या भिंतीला. मी रिकाम्या पोत्यांच्या ढिगात घातली गाडी. ढीग नसता तर.” तो थांबला. “एका म्हातारीची टोपली गेली चाकाखाली. म्हातारी उठली होती, म्हणून टोपली.”

“आणि हा?” तिनं पैलवानाकडं बघितलं.

“मी उडी मारली, वहिनी,” पैलवान म्हणाला. “मला वाटलं, गाडीपेक्षा जमीन बरी. तशी काही बरी नव्हती.” हसायला गेला, पण तोंड वाकडं झालं.

आप्पा काठी टेकत आले. बंपरवरून हात फिरवला. “रिव्हर्स नाही मारलेस ना आज? मला खोटं सांगितलंस. आत्ता मार. वीस.”

नवरा म्हणाला, “नाही मारणार.”

असं त्या अंगणात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आप्पा बघत राहिले. मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि आत निघून गेले.

*

“फाट्यावर नेतो,” नवरा हळू आवाजात म्हणाला. “तासाभराचं काम.”

“नको,” ती म्हणाली. “तो ड्रम काढल्याबरोबर ओळखेल. आप्पांकडं शिकलाय. संध्याकाळपर्यंत रस्ताभर होईल. इथंच उघडू.”

रात्री पाऊस आला आणि सकाळी रस्त्यावर चिखल, त्यामुळं दुसऱ्या दिवशी गाडी तशीही निघणार नव्हती. दुपारची जेवणं झाली, आप्पा दिवाणावर लवंडले, त्यांचं घोरणं लागलं. तेव्हा नवऱ्यानं पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला. पैलवान पाय बांधून आला होता, तो बसून नट सोडवत होता. ड्रम सुटेना; नवरा लाकडाचा ठोकळा धरून कडेकडेनं ठोकत होता, आवाज होऊ नये म्हणून ठोकळ्यावर फडकं. सून मध्ये उभी होती, एक कान घरात.

डाव्या चाकातला अ‍ॅडजस्टर बाहेर आला. नवऱ्यानं तो पुसला, बोटांनी फिरवून बघितला. मग उजवं चाक. तो दुसऱ्या हातात. दोन्ही हात तो तसेच पुढं धरून बसला. तिच्याकडं बघितलं नाही.

“बरोबर सांगत होतीस,” म्हणाला.

तिला वाटलं होतं, हे ऐकून सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही.

“दोन्ही बाजू?”

आप्पा शेडच्या तोंडाशी उभे होते. अनवाणी, डोळ्यांत झोप. “दोन्ही बाजू एकदम उघडल्यात? कुणाला विचारून?”

आप्पा आले, मुलाच्या हातातला एक अ‍ॅडजस्टर घेतला. डोळ्यांजवळ नेला नाहीच. डोळे मिटून अंगठ्याच्या पेरानं आट्यांवरून फिरवला, एकदा, परत एकदा. 

“उलट्या आट्याचा. हा कुठं बसला होता?”

नवऱ्यानं चाक दाखवलं.

“मग हा या चाकाचा नाहीच.” आप्पांचा आवाज चढला. “रिव्हर्स मारलं की सैल करत बसणार हा. माणूस मरेल अशानं. कुण्या गाढवानं बसवलं हे?”

पत्र्यावरून पागोळीचं पाणी टपटपत होतं. पैलवान नट मोजायला लागला, पाच होते, ते पुन्हा पुन्हा मोजले. सून ठमीचा हात धरून उभी होती.

“मी बसवलं, आप्पा,” नवरा म्हणाला.

“तू?”

“तुम्ही जरा आत गेला होतात तेव्हा. घाईत झालं.”

“घाईत.” आप्पा हसले, कडवट. “इतकी वर्षं याला शिकवलं. दगडाला शिकवलं असतं तर दगडानं ब्रेक लावला असता. तिथं बायका बसतात ना भिंतीला? सांगितलं असतंस त्यांना, घाईत झालं म्हणून? पैलवान, तू सांग, असल्या माणसाच्या गाडीवर तू बसतोस कसा?”

“उडी मारता येते म्हणून, मिस्तरी,” पैलवान खाली मान घालून म्हणाला.

नवरा गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होता. ओरडा खाताना लहान मुलं बसतात तसा. आप्पा बराच वेळ बोलले. मग बोलणं संपलं आणि ते डाव्या चाकाशी खाली बसले. “सरक. बघ आता नीट.”

त्यांचे हात सुरू झाले. केबल खोबणीवरून, अ‍ॅडजस्टर दोन ब्रेक-शूंच्या मध्ये, दातावर चिमटा, स्प्रिंग ओढून आकड्यात. एकही गोष्ट दोनदा हातात घेतली नाही. सुनेला आठवलं, लोक म्हणायचे, मिस्तरी काम करत नाहीत, हात करतात, मिस्तरी बिडी ओढतात. ड्रम चढवला, हातानं फिरवला, लायनर किंचित घासल्याचा हलका सळसळ आवाज आला. “असा यायला पाहिजे आवाज,” ते म्हणाले. नवऱ्याचा चेहरा जरा सैल झाला. तिचाही झाला असावा.

आप्पा उठले. दुसरा अ‍ॅडजस्टर घेऊन गाडीच्या मागून वळसा घातला आणि उजव्या चाकाशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत. उघड्या चाकाकडं बघत होते, मग हातातल्या लोखंडाकडं, मग पुन्हा चाकाकडं. ती या बाजूला ठमीला धरून एकटीच होती. नवरा आणि पैलवान पलीकडं नट आवळत होते, पान्याचा आवाज येत होता.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले. “ही बाजू कुठली?”

“उजवी, आप्पा.”

“उजवी.” त्यांनी मान हलवली. मग तिच्याकडं बघितलं, बराच वेळ, आणि त्यांच्या डोळ्यांतली झोप आता पार गेली होती. “त्या दिवशी चहा तू आणलास ना?”

तिनं मान डोलावली.

“दोन्ही ड्रम खाली होते. गोणपाटावर. मी बसलो होतो.”

“हो.”

“तेव्हा मुलगा शेडमध्ये नव्हता.”

“नव्हते, आप्पा.”

आप्पांनी अ‍ॅडजस्टर सदऱ्याला पुसला. पुसायला काही नव्हतं त्यावर.

“एक चाक उघडलं आणि मध्येच गेलं सगळं. म्हणजे असं, की हात तसेच राहिले. म्हटलं दुसरं उघडून बघू. दुसरंही उघडलं, तर तेही…” ते थांबले. “तू बघितलंस. मग बोलली का नाहीस?”

रागावून विचारलं असतं तर तिला उत्तर सापडलं असतं. आप्पांनी खरोखर विचारलं होतं, जसं एखादा वाट विचारतो.

“मला धीर झाला नाही,” ती म्हणाली.

“बोलायचं,” आप्पा म्हणाले. “इथून पुढं बोलायचं. ठमी बसते या गाडीत.”

त्यांनी पलीकडं हाक मारली. “अरे ये, हे चाक तूच कर. माझी कंबर धरली.” आणि ते ओट्यावर जाऊन बसले. नवऱ्यानं उजवं चाक बसवलं. आप्पांनी एकदाही बघितलं नाही काय चाललंय.

संध्याकाळी गाडी दहा वेळा मागं घेतली. तिनं टेप लावली. दोन इंच, मग अडीच, मग साडेतीन. नवरा खिडकीतून ओरडला, “आप्पा, वर आलं.” आप्पांनी हात वर केला, जसा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला करतात.

*

हंगाम संपायला चार दिवस होते तेव्हा माळावरचा दूधवाला आला. त्याची गाडी थोरलीच्याच वयाची. पहाटे तो दुधाचे कॅन न्यायचा आणि मग त्याच गाडीत मागं बाकं टाकून शाळेची मुलं.

“मिस्तरी आहेत का वहिनी? पेडल जरा लांब गेलंय. दुसऱ्या कुणाच्या हाताला मी गाडी देत नाही, माहितेय ना तुम्हाला.”

नवरा शेतात होता. ती उत्तर देणार तोच आप्पा बाहेर आले. आज सदरा सुलटा होता, केस विंचरलेले. “मागं घेऊन ब्रेक मारतोस का?” त्यांनी विचारलं, आणि चेहऱ्यावर तो उजेड आला. ते शेडमध्ये गेले, फळीवरचा मोठा पाना काढला. दूधवाला गाडी आत घ्यायला वळला.

आप्पा पाना घेऊन उभे राहिले. गाडीकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं, आणि बघतच राहिले.

ठमी तिच्या पदराला धरून झोके घेत होती. गाडीच्या मागच्या बाकावर कुणाचीतरी पाटी राहिली होती.

“दादा,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. “गाडी आत घेऊ नका. मिस्तरी आता काम घेत नाहीत.”

दूधवाला थांबला. “काम घेत नाहीत? कधीपासून?”

“फाट्यावर दाखवा तुम्ही. आजच दाखवा.”

“अहो पण ते तर…” त्यानं आप्पांकडं, त्यांच्या हातातल्या पान्याकडं बघितलं. “मिस्तरी?”

आप्पा म्हणाले, “ती सांगतेय ना.”

दूधवाल्यानं थोडा वेळ दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग गाडीत बसला. रस्त्याला लागेपर्यंत तो आरशातून शेडकडं बघत होता.

गाडीचा आवाज गेला तरी आप्पा तिथंच उभे होते. पाना हातात तसाच, खाली लोंबता. फळी दोन पावलांवर होती. ती जवळ गेली आणि तिनं हात पुढं केला. त्यांनी जरा वेळ लावला. मग पाना तिच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

“जड आहे गं,” ते म्हणाले. “दोन्ही हातांनी धर.”